गेरवा कुठून येतो? नेरुळच्या गच्चीवरच्या प्रकल्प नोंदी

१४ नोव्हेंबर

दिवाळीची सुट्टी संपून कॉलेज आज उघडलं. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन. जीवशास्त्राकडून एक प्रकल्प द्यायचाच आहे आणि दरवर्षीचं 'प्लॅस्टिकचे दुष्परिणाम' मला यंदा नकोय. अकरावीची दोघं थांबली. आमची नावं कुठे लिहू नका, असं दोघांनीही बजावलंय, म्हणून या वहीत ती स्टेशनांच्या नावानं येतील: सानपाडा आणि घणसोली.

सानपाड्याचे वडील वाशीच्या एपीएमसीत, दाणा बाजारात गुमास्ता आहेत. तिनं वर्तमानपत्राच्या पुडीत मूठभर गहू आणला होता. दाणे बारके, सुरकुतलेले, अगदी पोचट. "बाबांच्या गाळ्यावरचे आहेत. याला कुठला रोग झाला असेल, मॅडम?" मी भिंगातून पाहिले. पाणी तुटलं असेल, पेर उशिरा झाली असेल, शेवटी ऊन लागलं असेल, तांबेरा पडला असेल. दाणा भरला नाही, एवढंच दाण्याकडे बघून कळतं. पण बोलता बोलता तांबेरा हा शब्द निघाला आणि दोघांनी तोच उचलला.

घणसोलीचा प्रश्न रास्त होता. "आपल्याकडे गहू कुठे पिकतो? रोग बघायचा कुठे?" त्यावर मी जरा ऐटीत म्हणून गेले, की इथे पिकत नसेल, पण रोग इथून जात असला तर? हे बोलणं मला महागात पडणार, असं आत्ताच वाटतंय.

वहीच्या पहिल्या पानावर शीर्षक लिहिलं: गव्हावरचा तांबेरा येतो कुठून? डोक्यात चित्र आहे ते एका नकाशाचं, त्यावर एक बाण.

१७ नोव्हेंबर

आधी शब्द. शेतकरी तांबेरा म्हणतात. जुनी माणसं गेरवा म्हणतात. महाबळेश्वरला राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं जे केंद्र आहे, त्याचं नावच गहू गेरवा संशोधन केंद्र. पिकाला गेरू फासल्यासारखा दिसतो म्हणून गेरवा. घणसोलीनं गेरू फक्त कुंड्यांना लावलेला पाहिलाय.

तांबेरे तीन. खोडावरचा काळा, पानावरचा नारिंगी आणि पिवळा. काळा म्हणतात तो सुरुवातीला विटकरी असतो, पीक पिकत आलं की काळा पडतो. तिन्ही पक्सिनिया या एकाच प्रजातीतल्या वेगवेगळ्या बुरशी. पिवळ्याला थंडी लागते, त्याचा मुलूख पंजाब-हिमाचलकडचा, महाराष्ट्रात त्याचं फारसं चालत नाही. आम्ही खोडावरचा घेतला, कारण दहशत त्याचीच मोठी. १९४६-४७ च्या हंगामात मध्य भारतातला गहू त्यानंच आडवा केला होता.

रात्री निफाडला मामांना फोन केला. "तांबेरा? अगं, आता तांबेऱ्याला कोण विचारतं? मावा म्हण, अवकाळी म्हण, भाव म्हण." मग जरा थांबून म्हणाले, "आमच्या लहानपणी यायचा. वावरातून चालत गेलं की धोतर लाल." आता का येत नाही, तर त्यांच्या मते वाण बदलले. निफाडच्याच कृषी संशोधन केंद्राचे त्र्यंबक, तपोवन हे तांबेऱ्याला दाद न देणारे. लोकवन मात्र अजून बळी पडतो, तरी बाजारात मागणी त्यालाच, असंही ऐकवलं. धोतराची गोष्ट उद्या मुलांना सांगायची.

२१ नोव्हेंबर

आज फळ्यावर एकच प्रश्न लिहिला: मे महिन्यात तांबेरा कुठे असतो?

ही बुरशी वाळलेल्या काडीवर दिवस काढत नाही. तिला जिवंत, हिरवं झाड लागतं. गव्हाची कापणी मार्च-एप्रिलमध्ये होते. मेमध्ये वावर ४० अंशांच्या वर भाजतं आणि उरलेसुरले बीजाणू, म्हणजे बुरशीचे बियांसारखे सूक्ष्म कण, त्या उष्णतेत मरून जातात. म्हणजे सपाटीवर दरवर्षी रोगाचा निर्वंश होतो, तरी पुढच्या हंगामात स्वारी पुन्हा हजर. घणसोली म्हणाला, "बियाण्यातून येत असेल." नाही, तांबेरा बियाण्यातून येत नाही. "मग मातीतून?" तेही नाही. सानपाडा बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आपण जातो तसा तोही मे महिन्यात थंड हवेच्या ठिकाणी जात असेल."

तिला ठाऊक नव्हतं, पण याच उत्तरापाशी पोचायला आग्रा कॉलेजच्या करमचंद मेहतांची वर्षानुवर्षं गेली. १९२० च्या दशकात त्यांनी सुरुवात केली, मोठा अहवाल १९४० साली आला. डोंगराडोंगरांत फिरून ते उन्हाळ्यातला गहू शोधत होते. काळ्या तांबेऱ्याचं घर त्यांना सापडलं ते दक्षिणेत, निलगिरी आणि पलनीच्या डोंगरांत. तिथे हवा थंड, गहू तेव्हा वर्षातून एकापेक्षा जास्त वेळा उभा असे आणि मधल्या काळात सांडलेल्या दाण्यांची आपोआप उगवलेली रोपं रोगाला सांभाळत. नारिंगीला दोन घरं, हिमालय आणि हे दक्षिणेतले डोंगर. मेहतांनी उपायही सांगितला होता: डोंगरातलं बिगरहंगामी पीक थांबवा, ती आगंतुक रोपं उपटा, म्हणजे सपाटीवरचा शेतकरी सुटेल.

रोग कसा दिसतो, किती नुकसान करतो, हे सगळेच लिहितात. मेहतांनी रोग नसतो त्या महिन्याचा पिच्छा पुरवला. मला या माणसाबद्दल शाळेत, कॉलेजात, बीएडला कुणीच कधी सांगितलं नाही, याचा आज थोडा रागही आला.

२५ नोव्हेंबर

सापळा तयार. अडीच इंची पीव्हीसी पाइप, सायकलच्या चाकाचं बेअरिंग, तेलाच्या डब्याचा पत्रा कापून केलेलं शेपूट. वारा फिरेल तसं सापळ्याचं तोंड फिरतं. वर छोटं छप्पर, आत ४५ अंशांत काचपट्टी, तिला व्हॅसलीनचा पातळ थर. एकूण खर्च ३१० रुपये, त्यातले १२० एकट्या बेअरिंगचे.

अमेरिकेत स्टेकमन नावाच्या शास्त्रज्ञानं १९२१ साली विमानातून काचपट्ट्या बाहेर धरून हवेतले बीजाणू पकडले होते. आमच्या हाताशी माझ्या सोसायटीची सात मजली गच्ची आहे.

२ डिसेंबर

पट्टी १ ते ४: काजळी, टायरचा काळा भुगा, परागकण, अल्टरनेरिया या बुरशीचे गदेसारखे बीजाणू, एका किड्याचा पाय. दुपारच्या उन्हात व्हॅसलीन ओघळून खालच्या कडेला जमा होतं. आता पट्टी सकाळी सातला लावायची, अकराला काढायची. सेक्रेटरीकाकांनी विचारलं, "हा कॅमेरा कुणाकडे तोंड करून लावलाय?"

६ डिसेंबर

काल ५ डिसेंबर होता. २०१७ साली याच तारखेला ओखी वादळामुळे मुंबई, ठाणे, रायगडच्या शाळा बंद होत्या. दोघं तेव्हा लहान होती, सुट्टी मिळाली एवढंच आठवतं. आज त्या सुट्टीचा अभ्यास केला.

ओखी श्रीलंकेजवळ जन्मलं, कन्याकुमारीच्या बाजूनं लक्षद्वीपकडे गेलं आणि अरबी समुद्रातून वर चढत दक्षिण गुजरातच्या किनाऱ्याजवळ येऊन विरलं. त्याआधी नोव्हेंबर २००९ मध्ये फयान असंच खालून वर आलं होतं आणि ११ तारखेला अलिबाग-मुंबईच्या दरम्यान जमिनीवर चढलं. पावसाळा संपल्यावरची ही वादळं आपल्याला अवकाळी, नुकसानीची म्हणून ठाऊक. गव्हाचा अभ्यास करणारे त्यांच्याकडे टपालगाडीसारखे बघतात.

एस. नागराजन आणि एच. सिंह यांनी १९७५ मध्ये काळ्या तांबेऱ्याचे 'भारतीय नियम' मांडले. तेव्हा उपग्रहांनी टिपलेली ढगांची छायाचित्रं नुकतीच हाती येऊ लागली होती आणि या दोघांनी ती रोगाच्या अंदाजासाठी वापरली. ढोबळमानानं सांगायचं तर, दक्षिणेकडच्या समुद्रात कमी दाबाचा पट्टा किंवा वादळ तयार व्हावं, ते मध्य भारतावर येऊन विरावं आणि तिथे पाऊस पडावा. निलगिरीवरून उचललेले बीजाणू मग त्या पावसाबरोबर कोवळ्या गव्हावर उतरतात. वादळाखेरीज हवेच्या दाबाच्या आणखीही काही घडणी त्यांनी दिल्या आहेत.

यात पावसाचं काम माझ्या आधी लक्षात आलं नव्हतं. मी मुलांना नुसता वारा शिकवत होते. वारा बीजाणू शेकडो किलोमीटर नेईलही, पण एवढ्या उंचीवरून त्यांना एकगठ्ठा खाली आणायला पाऊस लागतो. शिवाय उतरल्यावर पान ओलं हवं, नाहीतर बीजाणू रुजत नाही. टपाल नेणारा आणि वाटणारा असे दोघे वेगळे आहेत, हे सानपाड्यानं वहीत लिहून घेतलं.

घणसोलीनं घरच्या संगणकावर अमेरिकन हवामान संस्थेचं हायस्प्लिट उघडलं. उटीचे अक्षांश-रेखांश टाकायचे, तारीख टाकायची, हवेचा एखादा पुंजका पुढे कुठे गेला असेल त्याची रेषा येते. पोरगं रात्री एकपर्यंत बसलं होतं. सुरुवातीची उंची ५०० मीटर धरली की एक वाट, १,५०० धरली की दुसरीच. सकाळी त्यानं मला विचारलं, "मॅडम, यातली खरी कुठली?" मी म्हटलं, हवा जाऊ शकते एवढंच ही रेषा सांगते, हवेत बीजाणू होते का ते सांगत नाही. त्याला हे उत्तर पटलं, पण आवडलं नाही.

१३ डिसेंबर

सकाळी सव्वाअकराला सानपाड्याची किंकाळी. पट्टी १३ वर नारिंगी बीजाणू, एक-दोन नव्हे, चांगले वीस-बावीस! लंबगोल, २५ ते ३० मायक्रॉन. पुस्तकातल्या तांबेऱ्याच्या बीजाणूच्या मापात अगदी चपखल बसत होते. माझेही हात थरथरले, खोटं कशाला सांगू. निलगिरीची टपालगाडी नेरुळच्या सेक्टरवरून गेली की काय! घणसोलीनं तर मथळासुद्धा ठरवला.

मग मोठ्या भिंगाखाली पृष्ठभाग पाहिला. काळ्या तांबेऱ्याचा बीजाणू काटेरी असतो, बारीक बारीक टोकदार काटे. आमच्या बीजाणूवर बोथट उंचवटे, मस्सा असावा तसे. आणि एका पट्टीवर वीस, शेजारच्या दिवसांच्या पट्ट्यांवर शून्य, म्हणजे माल लांबून आलेला नसून इथलाच कुठला तरी.

खाली सोसायटीच्या बागेत गेलो. गेटजवळचा पांढरा चाफा. पान उलटलं आणि बोट नारिंगी झालं. चाफ्यालाही तांबेरा येतो, त्याची बुरशी कोलिओस्पोरियम, गव्हाशी तिचा काडीचा संबंध नाही. मुंबई-ठाण्यात जवळजवळ प्रत्येक चाफ्याच्या पानामागे ती पावसाळ्यापासून बसलेली असते. मी त्या झाडाखालून नऊ वर्षं ये-जा करतेय. माळ्यानं आदल्या दिवशी सकाळी ती पानं झाडून गच्चीच्या जिन्याशी ढीग केला होता.

घणसोली खट्टू झाला. सानपाडा मात्र चाफ्याची पानं पिशवीत भरू लागली. तिचं म्हणणं, गव्हाचा तांबेरा आपल्याला दाखवता येणार नाही, पण तांबेरा म्हणजे काय ते याच्यावर दाखवता येईल. मान्य. प्रदर्शनात पाहुण्यांना पान चोळू द्यायचं.

२२ डिसेंबर

ठाण्याला जांभळी नाक्याजवळच्या काष्ठौषधीच्या दुकानातून दारुहळदीचा तुकडा आणला, ४० रुपये. दुकानदाराला वाटलं, डोळे आलेत.

दारुहळद म्हणजे बर्बेरिस. युरोप-अमेरिकेत काळ्या तांबेऱ्याची अर्धी कहाणी या काटेरी झुडपावर घडते. तिथले शेतकरी फार पूर्वीपासून म्हणत, की कुंपणाला हे झुडूप असलं की गहू बिघडतो. शास्त्रज्ञ हसत. १८६५ मध्ये आंतोन द बारी या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञानं प्रयोग करून दाखवलं, की हिवाळा काढलेले काळे बीजाणू गव्हाला सोडून बर्बेरिसला लागण करतात आणि तिथे तयार होणारे बीजाणू पुन्हा गव्हाकडे येतात. एकाच बुरशीचे दोन संसार. १९१६ च्या साथीनं हादरलेल्या अमेरिकेनं १९१८ पासून ही झुडपं उपटायची मोहीम काढली, कोट्यवधी झुडपं गेली.

मग आपल्याकडे? झुडूप हिमालयात आहे, निलगिरीतही आहे. पण मेहतांच्या अभ्यासात दरवर्षीच्या रोगात त्याचा हात दिसला नाही. सपाटीवरचे काळे बीजाणू उन्हाळ्यात भाजून निघतात, झुडपापर्यंत पोचायचं तर लांबच. आपल्याकडे विटकरी बीजाणूच डोंगर ते सपाटी अशी येरझार घालत राहतात. अमेरिकेचं पाठ्यपुस्तक वाचून कुणी इथे दारुहळद उपटत सुटला असता, तर तांबेरा जागच्या जागी राहिला असता आणि काष्ठौषधीवाले तेवढे रडले असते.

४ जानेवारी

आज आमचा एक बाण मोडला.

सानपाड्यानं विचारलं, "मॅडम, निलगिरीत तरी तो कुठून आला?" बरोबर आहे. यंदाचा रोग कुठून आला हा एक प्रश्न, आणि मुळात ही जात कुठे जन्मली हा दुसरा. मी दोन महिने दोन्हींना 'मूळ' हाच शब्द वापरत होते आणि म्हणूनच नकाशावर एका बाणाचा हट्ट धरून बसले होते.

दुसऱ्या प्रश्नासाठी यूजी ९९ घेतला. खोडाच्या तांबेऱ्याचा हा प्रकार १९९८ मध्ये युगांडात दिसला, १९९९ मध्ये त्याची ओळख पटली. राय धान्यातून गव्हात आणलेलं एसआर ३१ हे जनुक तोवर जगभरच्या गव्हाला काळ्या तांबेऱ्यापासून राखत होतं. यूजी ९९ नं ते निकामी केलं. केनिया, इथिओपिया, २००६ ला सुदान आणि येमेन, २००७ ला इराण. हरितक्रांतीचे नॉर्मन बोरलॉग तेव्हा नव्वदीच्या पुढे होते, तरी धोक्याची घंटा वाजवत फिरले. घणसोलीनं उत्साहात इराणपासून मुंबईपर्यंत लाल दोरा ओढला. तो मी सोडायला लावला. यूजी ९९ ची नोंद भारतात झालेली नाही. दोरा ओढायला एक सेकंद लागतो, बघणारा मात्र तोच लक्षात ठेवून घरी जातो.

यूजी ९९ चा जन्म कसा झाला, याचं उत्तर २०१९ मध्ये आलं, आणि ते समजवायला मला बैल लागले. या बुरशीच्या प्रत्येक पेशीत दोन केंद्रकं असतात, वेगवेगळी, शेजारी शेजारी. एका जुवाला जुंपलेली बैलजोडीच. दोन वेगळ्या तांबेऱ्यांचे धागे एकाच पानावर भेटले, एकमेकांना चिकटले आणि बैलांची अदलाबदल झाली: याच्यातला एक, त्याच्यातला एक, नवी जोडी. बर्बेरिस लागली नाही, लैंगिक पुनरुत्पादन लागलं नाही. यूजी ९९ च्या जोडीतला एक बैल १९५४ पासून ऑस्ट्रेलियात माहीत असलेल्या, मूळ आफ्रिकेकडच्या एका जुन्या तांबेऱ्याच्या जोडीतल्या बैलाशी हुबेहूब जुळला.

घणसोली म्हणाला, "मॅडम, आम्ही बैलजोडी शर्यतीतच बघितलीय." चालेल.

१५ जानेवारी

संक्रांतीचं म्हणून स्टाफरूममध्ये सगळ्यांनी गुळपोळ्या आणल्या, सांगलीकडच्या आमच्या एका बाईंनी खपली गव्हाची खीर. मी वाटी हातात धरून हसत सुटले, कारण कालच रात्री खपली वाचली होती, आणि तीही मिनेसोटातली.

तांबेऱ्याच्या जाती नुसत्या डोळ्यांना सारख्याच दिसतात. त्या ओळखायला मिनेसोटाच्या त्याच स्टेकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२० च्या दशकात गव्हाच्या बारा वाणांचा संच केला. रोगाचा नमुना बाराही वाणांच्या रोपांवर टोचायचा, कोण तग धरतो, कोण झोपतो ते पाहायचं आणि त्या बारा उत्तरांवरून जातीचा क्रमांक काढायचा. बाराजणांच्या या पंचायतीत मार्क्विस, कोटा, कुबांका अशी नावं आहेत, आणि शेवटी एक नाव आहे: खपली. आपली खपली, सांगली-साताऱ्याकडची, कुसळं आणि टरफल न सोडणारी, खिरीची. बहुतेक तांबेऱ्यांना ती बधत नसे, म्हणून तर तिला घेतलं. एसआर १३ आणि एसआर १४ ही दोन जनुकं तिच्यात सापडली, आणि यातलं एसआर १३ यूजी ९९ विरुद्धही चालतं.

सानपाड्याच्या वडिलांनी सांगितलं, की दाणा बाजारात खपली हल्ली डाएटवाल्यांसाठी येते आणि लोकवनच्या कितीतरी वर भाव घेते. त्यांनी पाव किलो पाठवली. प्रदर्शनात ठेवायची, जनुकाच्या नावाची चिठ्ठी लावून. (पाव किलोतली थोडी मी शिजवणार आहे. त्याची नोंद इथेच.)

२३ जानेवारी

घणसोलीचे आजोबा कॉलेजात आले. आगरी घर, सिडकोच्या आधी खाडीकाठी भाताची शेती होती. नातू दोन महिने बुरशी बुरशी करतोय, ते काय ते बघायला आले. मी तांबेरा समजावून सांगू लागले, तर मान हलवून म्हणाले, "आमच्यात करपा. करपा परला का गेलाच भात." नातवानं लगेच विचारलं, "मग गव्हाला करपा येतो का?"

येतो, आणि त्याचा जन्म आपल्या हयातीतला. १९८५ साली ब्राझीलच्या पराना राज्यात गव्हावर करपा पहिल्यांदा दिसला. त्याआधी गव्हाला हा रोग ठाऊक नव्हता. भातावरची आणि गव्हावरची बुरशी एकाच जातीची, पण घराणी वेगळी. भाताचा करपा उठून गव्हाला लागत नाही. जपानी संशोधकांच्या गटानं २०१७ मध्ये मांडलं ते असं: गवतांवरच्या करप्याला गव्हातलं एक जनुक अडवून धरत होतं. ब्राझीलमध्ये त्या काळात अनाहुआक नावाचा वाण खूप पेरला गेला, त्यात ते जनुक नव्हतं. बुरशीला लाखो हेक्टरचं मोकळं रान मिळालं. तिथे बस्तान बसल्यावर तिनं स्वतःत बदल केले, आणि मग जनुक असलेला गहूही तिला चालू लागला.

पुढे बोलिव्हिया, पॅराग्वे, अर्जेंटिना. तीस वर्षं रोग एकाच खंडात. मग फेब्रुवारी २०१६ मध्ये एकदम बांगलादेश, मेहेरपूर, कुश्तिया, चुआडांगा, जेसोर असे आठ जिल्हे, सुमारे १५,००० हेक्टर. ओंब्या पांढऱ्या पडलेल्या, आत दाणा नाही. काही ठिकाणी उभी शेतं जाळली. तिथल्या शास्त्रज्ञांनी रोगट नमुन्यांचा जनुकीय मजकूर ताबडतोब सर्वांसाठी खुला केला, जगभरच्या लोकांनी तो जुळवून पाहिला आणि उत्तर दक्षिण अमेरिकेकडे बोट दाखवत आलं. इतका महासागर वाऱ्यानं ओलांडलेला नाही. करपा, तांबेऱ्यासारखा नव्हे, बियाण्यातून जातो. २०१८ ला झांबियात दिसला तो त्याच घराण्याचा, पण स्वतंत्रपणे आलेला. आपण सीमेलगतच्या नदिया आणि मुर्शिदाबाद जिल्ह्यांत गहू पेरणंच काही काळ बंद केलं.

आजोबा सगळं ऐकून म्हणाले, की त्यांच्यात बियाणं घरचंच ठेवायचे, बाहेरचं घेतलं की आई ओरडायची. नंतर चहा घेतला आणि आम्ही सगळे त्यांच्याकडून खाडीच्या बांधबंदिस्तीच्या गोष्टी ऐकत बसलो. एक तास प्रकल्पाचं काहीच झालं नाही.

३० जानेवारी

मामांचा सकाळी व्हिडिओ कॉल. "हे बघ तुझं पाहुणं आलं." उशिरा पेरलेल्या तुकड्यात, बांधाच्या कडेला लोकवन होता, त्याच्या पानांवर ठिपके. मी म्हटलं, पांढऱ्या रुमालावर चोळा. रुमाल नारिंगी. ठिपके बारीक, गोलसर, पानाच्या वरच्या बाजूला विखुरलेले. खोड स्वच्छ. म्हणजे पानावरचा तांबेरा, आमचा काळा नव्हे. काळ्याचे फोड लांबट असतात, खोडावर, आणि साल फाटून कडा वर आलेल्या दिसतात.

सानपाड्याला ते पान हवं होतं, कुरिअरनं. मी नाही म्हटलं. १९७९ मध्ये ऑस्ट्रेलियात पिवळा तांबेरा पहिल्यांदा पोचला, तो बहुधा युरोपातून आलेल्या कुणाच्या तरी कपड्यांवरून. इथे गहू नाही हे खरं, पण पुढच्या महिन्यात मी स्वतः निफाडला जाणार आहे, याच ओढण्या, याच पिशव्या घेऊन. फोटोवर भागवायचं. ती दिवसभर फुगून होती.

१० फेब्रुवारी

पंख्याची रंगीत तालीम, शब्दशः. पुठ्ठ्याचा उठावाचा नकाशा तयार (थर्माकोल बंद, आणि बरंच झालं, लगदा छान बसलाय). निलगिरीवर चमचाभर गेरूची पूड, मागे टेबलफॅन, मध्य भारतावर घणसोलीच्या हातात फवारणीची बाटली. कल्पना अशी, की पंखा लावला की पूड उडेल आणि फवारा मारला तिथेच लाल डाग पडेल. टपाल नेणारा आणि वाटणारा.

पंखा तीनवर लागला. भौतिकशास्त्राची पूर्ण प्रयोगशाळा, दोन पांढरे कोट, माझी पांढरीशुभ्र ओढणी आणि शिपाईमामांचा डबा, सगळ्यावर गेरवा. पण गंमत अशी, की भिंती-टेबलांवर पूड पसरली ती एकसारखी, पुसट. फवाऱ्याखाली मात्र खरोखर दाट ठिपके पडले. आम्ही झाडू हातात घेऊन त्याकडे बघत उभे राहिलो. पंखा एकवर ठेवायचा, पूड पाव चमचा.

२१ फेब्रुवारी

अंतिम रचना. नकाशे दोन. पहिला 'यंदाचा रोग कुठून?', निलगिरी-पलनी ते मध्य भारत, बाण तुटक रेषेचे, कारण दरवर्षी वाट आणि प्रमाण बदलतं. दुसरा 'ही जात कुठली?', त्यात यूजी ९९ ची बैलजोडी आणि गव्हाच्या करप्याचा पराना ते मेहेरपूर प्रवास. हायस्प्लिटच्या दोन्ही रेषा, ५०० आणि १,५०० मीटरच्या, शेजारी शेजारी लावल्या. घणसोलीचाच आग्रह.

सापळ्याचा निकाल एका ओळीत: ६१ पट्ट्या, गव्हाचा तांबेरा एकाही पट्टीवर नाही. विभागप्रमुखांना ही ओळ खटकली. "निगेटिव्ह कशाला लावता?" मी ओळ काढली नाही. सानपाड्यानं अक्षरं उलट मोठी केली.

२८ फेब्रुवारी

गर्दी बरी. चाफ्याचं पान चोळायला रांग, खपली बघून दोन आजींनी खिरीची कृती वाद घालत सांगितली. पंखा सहा वेळा लावला, सातव्यांदा गेरू संपला. परीक्षकांनी विचारलं, "या प्रकल्पाचा नवी मुंबईला उपयोग काय?" घणसोली म्हणाला, "पोळी." नंबर आला नाही.

पाचच्या सुमारास सानपाड्याचे वडील बाजारातून थेट आले. सगळं शांतपणे वाचलं, दोन्ही नकाशे पाहिले, नागराजन-सिंहांच्या नियमांपाशी जरा रेंगाळले. शेवटच्या टेबलावर १४ नोव्हेंबरची ती पुडी ठेवली होती, खाली चिठ्ठी: 'दाणे न भरण्याचे कारण: सांगता येत नाही.' त्यांनी चिमूट उचलली, तळहातावर फिरवली, फुंकर मारली आणि लेकीकडे बघितलं.

"अगं, हे चाळणीखालचे. प्रत्येक पोत्यातून निघतात. कोंबड्यांसाठी ठेवतो ते. तुला यातलं काही करता येतंय का म्हणून दिले होते. रोगाचे कोण म्हणालं?"

पुडी त्यांना परत दिली. गच्चीवरचा पाइप अजून काढायचाय, सेक्रेटरीकाकांची दुसरी चिठ्ठी आली आहे.